विरामचिन्हांची वाट : मराठी शुद्धलेखनाचा थोडा इतिहास

विद्यार्थ्याच्या निबंधात पूर्णविराम राहून गेला, की शिक्षकांची लाल शाई तेथे उमटते. मराठी लेखनाच्या दीर्घ इतिहासात मात्र हे चिन्ह अलीकडचे आहे. पेशवाईतील बहुतेक पत्रव्यवहार मोडी लिपीत होई. आधी आडवी रेघ ओढावी आणि तिच्याखाली लेखणी फारशी न उचलता लिहीत जावे, अशी तिची रीत होती. शब्दांमध्ये अंतर नसे, विरामचिन्हे नसत, ऱ्हस्वदीर्घाचा भेदही कटाक्षाने पाळला जात नसे. 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचा. लिहिणारा व वाचणारा दोघेही त्याच व्यवहारात मुरलेले असल्याने काम अडत नसे.

मुद्रणाने ही स्थिती पालटली. छापलेला मजकूर अनोळखी वाचकाच्या हाती जाऊ लागला आणि शाळांसाठी एकसारखी पुस्तके हवी झाली. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये सिद्ध झाला. त्या कामी मेजर थॉमस कँडी यांचे साहाय्य होते. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले, तर १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. पुढे १८५० मध्ये कँडी यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका लिहून इंग्रजी वळणाची चिन्हे मराठी गद्यात रुजवली.

या चिन्हांनी काय साधले, हे एका वाक्यावरून कळते. 'आई म्हणाली, मुलगी उद्या येईल.' येथे बोलणारी आई आहे. 'आई, म्हणाली मुलगी, उद्या येईल.' येथे बोलणारी मुलगी आहे आणि येणारी आई. शब्द तेच, त्यांचा क्रमही तोच. स्वल्पविरामाने वक्ता बदलला.

विरामचिन्हे स्थिरावली तरी लेखनपद्धतीविषयीचा वाद दीर्घकाळ चालला. जुन्या वळणाचे लोक 'नांव', 'पांच', 'केलें' असे लिहीत. उच्चारात नसलेले हे अनुस्वार ठेवावेत की नाही, यावर विद्वानांत मतभेद होते. अखेर मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. अनुच्चारित अनुस्वार गेले. अर्थ सांगणारे अनुस्वार मात्र राहिले. 'मुलाला' म्हणजे एकाला, 'मुलांना' म्हणजे अनेकांना. 'गुरुजींनी' यातला अनुस्वार आदर दाखवतो.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांत या नियमांना वेगळे महत्त्व आहे. इंदूर किंवा दिल्लीसारख्या हिंदीभाषी नगरांतील मूल घराबाहेर देवनागरीच वाचते, पण ती हिंदीची. त्यामुळे वाक्याच्या शेवटी बिंदूऐवजी उभा दंड येतो. मराठीतील दीर्घ 'की' हिंदीप्रमाणे ऱ्हस्व होतो. 'कवी' आणि 'गुरू' यांचा अंत्य स्वरही आखूड होतो. मराठीत हे शब्द एकटे असताना दीर्घान्त, तर 'कविसंमेलन', 'गुरुकृपा' अशा समासात ऱ्हस्व लिहिले जातात. 'फूल' दीर्घ असले, तरी 'फुलाला' ऱ्हस्व होते. ही स्खलने आळसाची नव्हेत. एकाच लिपीत दोन भाषा वाचणाऱ्या मुलाची ती स्वाभाविक गल्लत आहे. नुसती लाल रेघ ओढून ती सुटत नाही. दोन्ही रूपे शेजारी लिहून फरक दाखवला, की मुलाच्या लगेच ध्यानात येतो.

परप्रांतात दुकानाची पाटी, बसचे तिकीट, सरकारी अर्ज यांपैकी काहीच सहसा मराठीत नसते. लिहिलेली मराठी तपासून देणारे ठिकाण बहुधा शाळा हेच उरते. म्हणून पालकांनी आठवड्यातून एकदा पाल्याकडून गावच्या आजी-आजोबांना चार ओळींचे पत्र लिहून घ्यावे आणि पाठवण्यापूर्वी ते त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावे. जेथे वाचताना श्वास अडतो, तेथे बहुधा एखादे चिन्ह राहिलेले असते. ते मुलाला स्वतःच सापडते.