हॅलो ब्रेस : डोक्यातल्या पिनांची घरी घ्यायची काळजी

मानेचा मणका मोडला किंवा टीबीने पोखरला, की काही रुग्णांना डॉक्टर हॅलो ब्रेस लावतात. डोक्याभोवती एक कडं, ते कवटीत पिनांनी बसवलेलं आणि दांड्यांनी छातीवरच्या जॅकेटला जोडलेलं. मोठ्यांना सहसा ४ पिना लागतात. लहान मुलांची कवटी नाजूक, म्हणून त्यांना जास्त पिना कमी जोराने कसतात. पिन हाडाच्या बाहेरच्या थरातच रुतते, मेंदूपर्यंत जात नाही. तेव्हा घाबरून जाऊ नये.

पण ब्रेस साधारण तीन महिने राहतो आणि तो काळ घरीच काढायचा असतो. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १७९ रुग्णांपैकी ३६ टक्के रुग्णांच्या पिना सैल झाल्या होत्या, २० टक्क्यांच्या पिनांपाशी जंतुसंसर्ग झाला होता. या दोन गोष्टी बऱ्याचदा जोडीनेच येतात: सैल पिन हलते, कातडी घासते, तिथे पू धरतो.

रोज साबणाने हात धुऊन, चांगल्या उजेडात प्रत्येक पिन बघा. डॉक्टरांनी सांगितलेल्या द्रावणानेच पुसा, आणि प्रत्येक पिनेला वेगळा, स्वच्छ कापूस घ्या. एकाच बोळ्याने चारही पिना पुसल्या तर एकीची घाण दुसरीला लागते. हळद, खोबरेल तेल, घरातलं कुठलंही मलम नको. पिनेजवळचे केस बारीक ठेवा.

वुजूचा प्रश्न घरोघरी निघतो. पिनांवर आणि जॅकेटच्या अस्तरावर पाणी जाऊ देऊ नका. जखमेवर पाणी अपायकारक असेल तर मसहची, आणि सजदा जमत नसेल तर बसून इशाऱ्याने नमाजची सवलत शरीयतमध्ये आहे. तपशील आपल्या इमामसाहेबांना विचारा. टोपी किंवा ओढणी पिनेत अडकून ओढली जाणार नाही, हेही बघा.

नवीन दुखणं, कडं हलणं, कट्‌कट्‌ आवाज, लाली, सूज, पू, ताप, किंवा कातडी पिनेवर ओढल्यासारखी दिसणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. साक्रीहून धुळ्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो, म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं. म्हणूनच ब्रेस लावणाऱ्या डॉक्टरांचा फोन नंबर घरी येण्याआधीच घेऊन ठेवावा, असं आम्ही आवर्जून सांगू. पिनेतून पाण्यासारखा स्राव, तीव्र डोकेदुखी, उलट्या, झटके किंवा हातापायांतली ताकद जाणं ही मात्र तातडीची बाब. १०८ ला फोन करा.

रुग्णाला उठवताना दांड्या धरून ओढू नका, पाठीला आधार द्या. जॅकेटला चिकटवलेला पाना तिथेच राहू द्या. श्वास किंवा हृदय बंद पडलं तर जॅकेट पटकन उघडता यावं म्हणून तो असतो, सैल पिन घरी कसायला नव्हे.