बारा व्होल्टची गोष्ट



मागचे दोन शनिवार इथे शुकशुकाट होता. कारण सांगतो. गाडीतला अँप मेला होता, आणि त्याला जिवंत करायच्या नादात मी पार १९३० सालापर्यंत जाऊन आलो.

झालं असं. मी घेतलेल्या सेकंडहँड गाडीच्या डिकीत आधीच्या मालकानं अँप आणि सबवूफर बसवला होता. एका रविवारी कात्रजच्या बोगद्याअलीकडे गाणं अर्ध्यातच बंद पडलं. अँपवर लाल दिवा. फ्यूज बदलला, तोही उडाला. एका दुकानात नेला तर तिथल्या पोरानं उघडूनसुद्धा न बघता निकाल दिला, "बोर्ड गेलाय सर, हे रिपेअर होत नाही. नवीन टाका."

मी टाकणारच होतो. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री आहे, पण खरं सांगायचं तर कॉलेज सुटल्यापासून कीबोर्ड सोडून कशाला हात लावलेला नाही. आमच्या बाबांचं मात्र अप्परला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मी अकरावीत असताना त्यांनी ते बंद केलं. टीव्ही सपाट झाले, लोक बिघडलेली वस्तू दुरुस्तीला आणेनासे झाले. त्यानंतर आमच्या घरात हा विषय फारसा निघत नाही.

तर तो अँप मी कचऱ्याच्या बादलीशेजारी ठेवला होता. सकाळी उठून बघतो तर जेवणाच्या टेबलावर! खाली जुना पेपर अंथरलेला. बाबा म्हणाले, "उघडून तरी बघ. मला आता बारीक दिसत नाही, हात तुझे लागतील."

झाकण काढलं. बाबांनी भिंग लावून दोन मिनिटं आत बघितलं आणि विचारलं, "यातला व्हायब्रेटर कुठला, सांग."

मी म्हटलं, "बाबा, व्हायब्रेटर मोबाईलमध्ये असतो." :)

यावर ते जे हसले ना... पण त्यांचा प्रश्न बरोबर होता. तो कळायला थोडा इतिहास लागतो.

बॅटरी छोटी, भूक मोठी

१९३० साली शिकागोच्या गॅल्विन कंपनीनं मोटारीत बसवायचा एक रेडिओ बाजारात आणला. पॉल गॅल्विननं तो स्वतःच्या स्टुडबेकरमध्ये बसवला आणि अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांच्या अधिवेशनाला गाडी नेली. मोटार आणि त्या काळचा प्रसिद्ध ग्रामोफोन व्हिक्ट्रोला, या दोन शब्दांवरून रेडिओचं नाव ठेवलं मोटोरोला. पुढे कंपनीचंच नाव ते झालं.

पण अडचण अशी होती की तेव्हाचे रेडिओ व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्हला काम करायला दोनशेच्या आसपास व्होल्ट लागायचे आणि गाडीची बॅटरी होती ६ व्होल्टची. सुरुवातीला लोक गाडीच्या फळीखाली वेगळ्या मोठ्या बॅटऱ्या ठेवत. त्या संपायच्या, महाग पडायच्या.

आता तुम्ही म्हणाल, ट्रान्सफॉर्मर लावा की! पण ट्रान्सफॉर्मरला बदलता प्रवाह लागतो आणि बॅटरी देते सरळ, एकाच दिशेचा. म्हणून काही वर्षांतच 'व्हायब्रेटर' आला. पत्र्याच्या छोट्या डबीत पोलादाची पातळ पट्टी. शेजारच्या विद्युतचुंबकामुळे ती सेकंदाला शंभरेक वेळा डावी-उजवीकडे थरथरणार, आणि बॅटरीचा प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या कधी या अर्ध्यात तर कधी त्या अर्ध्यात सोडणार. झाला बदलता प्रवाह! मग व्होल्टेज वाढवा, पुन्हा सरळ करा, व्हॉल्व्हला द्या. असे व्हायब्रेटर बनवणाऱ्यांतलं मोठं नाव म्हणजे अमेरिकेतली मॅलरी कंपनी. ड्युरासेल बॅटरी पुढे याच कंपनीतून आली.

अर्थात, सतत उघडझाप करणारा तो संपर्क झिजायचा, ठिणग्यांनी जळायचा, चिकटायचा. कार रेडिओ बंद म्हटलं की मेकॅनिक आधी व्हायब्रेटर बघणार, हे ठरलेलं. बाबा १९८० च्या सुमारास नाना पेठेत उमेदवारीला होते तेव्हा नवीन गाड्यांत हे प्रकरण केव्हाच संपलं होतं. पण त्यांच्या उस्तादांकडे जुन्या व्हायब्रेटरच्या डब्यांनी भरलेलं एक खोकं होतं. एखादा हौशी माणूस जुनी विलायती गाडी घेऊन आला की ते खोकं निघायचं. उस्ताद आधी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं डबीवर टकटक करायचे. चिकटलेली पट्टी सुटली तर गुं असा आवाज येऊन रेडिओ सुरू!

"पण तेवढ्यावर गाडी सोडायची नाही," बाबा म्हणाले. "व्हायब्रेटर बदलला की त्याच्याबरोबरचा बफर कंडेन्सर बदलायचाच. तो गळका असला की नवा व्हायब्रेटरपण जळणार. उस्तादांचा नियम होता, मेलेला बदलायचा आणि मारणारा शोधायचा."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मधली सुखाची वर्षं

१९४७ च्या डिसेंबरात बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला. १९५५ मध्ये फिल्को आणि क्रायस्लरनं पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ जाहीर केला. ट्रान्झिस्टर थेट गाडीच्या बॅटरीवर चालतो, आणि गाड्यांच्या बॅटऱ्याही एव्हाना ६ च्या १२ व्होल्ट होत होत्या. व्हायब्रेटरचं काम संपलं.

आपल्याकडे तेव्हा गाडी हीच चैन. पुण्याचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. रेडिओ ठेवायचा तर पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे. कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट घ्यायची आणि रेडिओ बाहेरून बसवून घ्यायचा, अशी पद्धत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, कॅसेटचे डेक आले, आणि ते बसवून देणारी दुकानंही वाढली.

भूक पुन्हा वाढली

पण १२ व्होल्टची एक मर्यादा आहे. शाळेतलं गणित करू. चालू गाडीत बॅटरीच्या टोकांवर साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकर दोन्ही बाजूंनी ढकलणारी ब्रिज जोडणी केली तरी स्पीकरला शिखराला जास्तीत जास्त तेवढेच मिळणार. त्याला २ च्या वर्गमुळानं भागा, येतात १०.२. त्याचा वर्ग करून स्पीकरच्या ४ ओहमनं भागा. उत्तर २६ वॅट! तेही आदर्श परिस्थितीत. डेकच्या खोक्यावर जे "५० वॅट × ४" छापलेलं असतं ते कोणत्या गणितानं येतं हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. ;)

सबवूफरला १०० वॅट द्यायचे तर शिखराला २८ व्होल्ट हवेत, म्हणजे आत अधिक-उणे तीसच्या वर पुरवठा हवा. मग काय करणार? अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या जिम फॉसगेटसारख्या लोकांनी १९७० च्या दशकात गाडीसाठी स्वतंत्र पॉवर अँप बनवायला घेतले, आणि ही जात वाढत गेली तसा चाळीस वर्षांपूर्वीचा प्रश्न परत दारात आला. बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवायचे कसे?

उत्तरही तेच निघालं! बॅटरीचा प्रवाह तोडा, ट्रान्सफॉर्मरच्या या अर्ध्यात आणि त्या अर्ध्यात आळीपाळीनं सोडा, वाढवा, सरळ करा. फक्त थरथरणाऱ्या पट्टीच्या जागी आले मॉसफेट, आणि शंभरऐवजी सेकंदाला हजारो वेळा उघडझाप. वेग वाढला म्हणून ट्रान्सफॉर्मर बांगडीएवढा पुरतो. उघडझापीचा ठेका धरायला टीएल४९४ सारखी एखादी आयसी.

थोडक्यात, बाबांनी विचारलेला "व्हायब्रेटर" माझ्यासमोर बसला होता. बांगडीच्या ट्रान्सफॉर्मरशेजारी मॉसफेटच्या दोन रांगा. थर्ड इयरला मी ही आकृती पाठ करून पेपरात काढली होती. समोर आल्यावर ओळखली नाही. असो.

दुरुस्ती

मल्टिमीटर बझरवर ठेवला. एका रांगेत ड्रेन ते सोर्स सरळ पीं... शॉर्ट. रांगेतले सगळे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एकेक काढून बघितले. चारपैकी दोन मेलेले. स्पीकरकडचे आउटपुट ट्रान्झिस्टर तपासले, ते ठीक. ते शॉर्ट असते तर काम बरंच वाढलं असतं.

बाबांनी चारही बदलायला लावले. म्हातारा आणि तरणा एका जुवाला जुंपायचा नाही, म्हणे. गेटचे रेझिस्टर मोजले, एक उघडा निघाला, तेही सगळे बदलले. तापकीर गल्लीत गेलो तेव्हा बाबा बरोबर आले. कितीतरी वर्षांनी. अक्षरं घासून नवी छापलेले मॉसफेट त्यांनी भिंगाखाली धरून परत केले आणि दुसऱ्या दुकानातून घेतले.

डाग मी दिले. पहिले दोन इतके वाईट होते की त्यांनी न बोलता वात पुढे केली, पुसून पुन्हा द्यायला. मग थेट बॅटरीला न जोडता मध्ये हेडलाइटचा बल्ब सिरीजमध्ये लावला. आत अजून शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि नवे मॉसफेट वाचतात. बल्ब क्षणभर चमकला, विझला. हिरवा दिवा!

मी नाचायच्या बेतात होतो. बाबा म्हणाले, "मारणारा कुठंय?"

तो सापडला डिकीत. ग्राउंडची वायर ज्या स्क्रूला होती त्याखालचा रंग खरवडलेलाच नव्हता. वर गंज. असा सांधा ०.०५ ओहमचा जरी झाला, तरी ४० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच खाणार. आमच्या अँपचा पुरवठा रेग्युलेटेड आहे. तो कमी व्होल्टेज भरून काढायला आणखी प्रवाह ओढणार, मॉसफेट आणखी तापणार. पत्रा खरवडून, नवा लग लावून स्क्रू आवळला. नुसते मॉसफेट बदलले असते तर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा हेच झालं असतं.

आमच्या ऑफिसात सर्व्हर पडला की रीस्टार्ट करून तिकीट बंद करायची पद्धत आहे. मारणारा शोधायला कुणाला वेळ नसतो. सोमवारी मीटिंगमध्ये हे बोलून बघणार आहे.

एकूण खर्च चहा-वडापाव धरून चारशेच्या आत. "हे रिपेअर होत नाही" हे वाक्य मात्र डोक्यात राहिलंय. होत होतं. फक्त करणारा माणूस माझ्याच घरात रिकामा बसला होता आणि मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

काल संध्याकाळी बाबांनी विचारलं, "तुझ्या मित्रांकडे आणखी काही बंद पडलंय का?"

मंडळी, असेल तर सांगा. डाग मीच देणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. :)