प्रोबायोटिक्सची निवड आणि हिस्टामाइन असहिष्णुता : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

आंबवलेल्या दुधातील जिवाणू आतड्यास हितकारक असतात, ही लोकसमजूत विसाव्या शतकाच्या प्रारंभी वैज्ञानिक सिद्धान्ताच्या रूपाने मांडली गेली. त्याच दशकात हिस्टामाइन हे द्रव्य रसायनशाळेत सिद्ध झाले. पुढे हे दोन अभ्यासप्रवाह बराच काळ स्वतंत्रपणे वाहत राहिले. हिस्टामाइन असहिष्णुतेच्या रुग्णापुढे मात्र ते एकत्र येतात. पोटफुगी, अतिसार, डोकेदुखी, अंगावर पित्त उठणे अशा तक्रारींवर उपाय म्हणून घेतलेले प्रोबायोटिकच हिस्टामाइन निर्माण करणारे असू शकते. 'हितकारक जिवाणू' ही कल्पना सरसकट स्वरूपात का टिकू शकली नाही, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

मेचनिकॉफ यांचा सिद्धान्त

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एली मेचनिकॉफ यांच्या मते, मोठ्या आतड्यातील कुजण्याच्या क्रियेतून उत्पन्न होणारी विषे वार्धक्यास कारणीभूत होत असत. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू ही क्रिया रोखतील, अशी त्यांची मांडणी होती. बल्गेरियन दह्यातील दंडाकार जिवाणूचे वर्णन स्टामेन ग्रिगोरोव्ह यांनी 1905 मध्ये केल्याने तिला आधार मिळाला. मेचनिकॉफ यांना 1908 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते रोगप्रतिकारशक्तीवरील कार्याबद्दल. तथापि त्यांच्या नावाच्या वजनामुळे दह्याच्या उपचारासही प्रतिष्ठा लाभली.

या मांडणीत जिवाणूंचे दोन तट गृहीत धरलेले होते : कुजवणारे ते अपायकारक आणि आंबवणारे ते उपकारक. ही विभागणी सोपी होती आणि म्हणूनच ती दीर्घकाळ टिकली.

हिस्टामाइनचा शोध

विंडाउस आणि फोग्ट यांनी 1907 मध्ये हिस्टामाइन कृत्रिमरीत्या तयार केले. हिस्टिडीन या ॲमिनो आम्लावर कुजवणाऱ्या जिवाणूंची क्रिया होऊन हेच द्रव्य बनते, हे आकरमान यांनी 1910 मध्ये दाखविले. त्याच वर्षी बार्जर व डेल यांनी ते अर्गट या बुरशीतून वेगळे केले आणि 1911 मध्ये आतड्याच्या अंतस्त्वचेतही त्याचे अस्तित्व दाखविले. डेल व लेडलॉ यांच्या प्रयोगांतून रक्तदाब व स्नायूंवरील त्याचा प्रभाव स्पष्ट झाला. पुढे 1927 मध्ये बेस्ट, डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताज्या यकृतातून व फुप्फुसातून ते मिळविल्यावर, हिस्टामाइन हा निरोगी शरीराचाही स्वाभाविक घटक आहे, हे मान्य झाले.

हिस्टामाइन नष्ट करणाऱ्या विकराची नोंद बेस्ट यांनी 1929 मध्ये केली. डायामाइन ऑक्सिडेज या नावाने पुढे ओळखले गेलेले हे विकर लहान आतड्याच्या अंतस्त्वचेत विपुल असते. आहारातून येणारे हिस्टामाइन आणि ते निकामी करण्याची शरीराची क्षमता यांत तफावत पडली की लक्षणे उद्भवतात, ही असहिष्णुतेची कल्पना याच शोधावर उभी आहे.

दोन तटांची सीमारेषा पुसट होते

मेचनिकॉफ यांच्या मांडणीस पहिला धक्का अमेरिकेत बसला. बल्गेरियन जिवाणू मानवी आतड्यात वस्ती करीत नाही, असे रेटगर व चेप्लिन यांनी 1921 मध्ये प्रतिपादिले व त्याऐवजी ॲसिडोफिलस या जातीचा पुरस्कार केला. येथेही निवड जातीच्या पातळीवरच थांबली होती.

दुसरा धक्का अधिक मूलगामी होता. अन्नविषबाधेच्या एका प्रकरणातील स्विस चीजमधून हिस्टामाइन तयार करणारा लॅक्टोबॅसिलस बुकनेरी वेगळा केल्याचे 1985 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या कुळाकडे कुजण्याचा प्रतिबंधक म्हणून पाहिले जात होते, त्याच कुळात कुजण्यातून निघणारे द्रव्य बनविणारा सदस्य सापडला. हिस्टिडीनमधून कार्बन डाय-ऑक्साइड वेगळा करण्याची ही क्रिया जिवाणूस आम्लापासून संरक्षण व काही ऊर्जा देते. ती त्याच्या स्वतःच्या निर्वाहासाठी असते. 2005 मध्ये वाइनमधील एका लॅक्टोबॅसिलसमध्ये या क्रियेची जनुके अस्थिर प्लाझ्मिडवर आढळली. सहज गमावता येणारा हा गुणधर्म एकाच जातीच्या एका वाणात असू शकतो आणि दुसऱ्यात नसू शकतो, हे त्यातून उलगडले.

2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने प्रश्नाची गुंतागुंत आणखी वाढविली. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीचा एक वाण हिस्टिडीनपासून हिस्टामाइन बनवितो आणि त्याच हिस्टामाइनद्वारे दाह वाढविणाऱ्या एका घटकाचे प्रमाण घटवितो, असे प्रयोगशाळेत आढळले. याउलट, 2022 मधील एका अभ्यासात क्लेब्सिएला एरोजेनीस या जिवाणूने निर्मिलेल्या हिस्टामाइनचा संबंध क्षोभक आतड्याच्या काही रुग्णांतील वेदनेशी जोडला गेला. द्रव्य एकच असले तरी ग्राही, स्थान आणि रुग्ण बदलताच त्याचा अर्थ बदलतो.

निवडीचे निकष

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये प्रोबायोटिकची व्याख्या निश्चित केली व 2002 च्या मार्गदर्शक तत्त्वांत वाणाची ओळख पटविणे आवश्यक ठरविले. भारतातही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2011 मध्ये अशीच तत्त्वे प्रसिद्ध केली. 2020 मध्ये लॅक्टोबॅसिलस प्रजातीची 25 प्रजातींत फेरविभागणी झाल्याने, जुन्या नावांवर आधारलेल्या 'घ्यावेत' आणि 'टाळावेत' अशा याद्यांची उपयुक्तता आणखी कमी झाली.

रुग्णाच्या दृष्टीने यातून तीन प्रश्न निष्पन्न होतात. वेष्टनावर वाणाचे पूर्ण नाव व क्रमांक आहे काय? त्या वाणाची हिस्टामाइन निर्मितीसाठी तपासणी झाली आहे काय? त्याचा लाभ पेशींवरील प्रयोगात दिसला, की तशाच रुग्णांत? उदाहरणार्थ, लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससमुळे मास्ट पेशींतील हिस्टामाइन ग्राहीच्या जनुकाची अभिव्यक्ती घटते, हा 2011 मधील निष्कर्ष पेशींपुरता होता. त्यावरून रुग्णास आराम पडेल असे अनुमान काढता येत नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशननेही 2020 मध्ये क्षोभक आतड्यासाठी प्रोबायोटिकचा वापर चिकित्सालयीन चाचण्यांपुरताच मर्यादित ठेवण्याची शिफारस केली. शिवाय रक्तातील डायामाइन ऑक्सिडेजच्या एका चाचणीवरून असहिष्णुतेचे निदान निश्चित होत नसल्याने, इतर आजार वगळण्याचे काम वैद्यकीय सल्ल्यानेच व्हावयास हवे.

निष्कर्ष

मेचनिकॉफ यांनी आतड्यातील जिवाणूंकडे वैद्यकाचे लक्ष वेधले, हे त्यांचे ऋण कायम आहे. परंतु त्यांनी आखलेली उपकारक आणि अपायकारक अशी सीमारेषा शतकभराच्या संशोधनात प्रथम जातीकडे आणि नंतर वाणाकडे सरकत गेली. बाजारातील वेष्टनावर मात्र 'हितकारक जिवाणू' ही जुनी भाषा अद्याप आढळते. ज्याचे शरीर हिस्टामाइनचा भार पेलू शकत नाही, अशा रुग्णास त्या भाषेची किंमत स्वतःच्या प्रकृतीने मोजावी लागू शकते.