जुनी रहस्य मालिका उशिरा सुरू करताय? ‘रात्रीस खेळ चाले’ बघण्याआधी फोनमध्ये एवढं करून घ्या

‘रात्रीस खेळ चाले’ झी मराठीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा मी इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर होतो. तिथे टीव्हीच नव्हता. आमगावजवळच्या आमच्या गावात आई मात्र रोज बघायची. पहिला सीझन ऑक्टोबर २०१६ मध्ये संपला. ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे हलक्या धानाची कापणी. दिवसभर बांधीत वाकून आलेला माणूस रात्री साडेदहापर्यंत जागा राहत नाही. आईचे शेवटचे दोन आठवडे गेले ते गेलेच. खुनी कोण, हे तिने कोणाला विचारलं नाही. विचारून कळलं तर काय मजा, असं तिचं म्हणणं.

गेल्या दिवाळीत आम्ही ठरवलं, पहिल्या भागापासून सोबत बघायचं. मी नागपुरात नोकरी करतो, शनिवार-रविवार गावी जातो. या खटाटोपात जे शिकलो ते इथे लिहितोय. मालिका दुसरी असली तरी हे चालेल.

आधी क्रम

तीन सीझन आहेत: पहिला २०१६ चा, दुसरा जानेवारी २०१९ पासून, तिसरा मार्च २०२१ पासून. घोळ दुसऱ्यात आहे. पहिल्याची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मृत्यूने होते आणि सगळं कुटुंब कोकणातल्या वाड्यात जमतं. दुसरा सीझन मागे जातो, म्हणजे अण्णा जिवंत असतानाची गोष्ट सांगतो. म्हणून काही जण सांगतात, २-१-३ असं बघा, कथा सरळ लागते. माझं मत उलट आहे. पहिला सीझन उभाच आहे तो ‘हा माणूस नेमका होता कसा’ या प्रश्नावर. दुसरा आधी बघितला की तो प्रश्न संपतो. प्रसारणाच्या क्रमानेच बघा. काही ॲपमध्ये नवे भाग यादीत वर दिसतात, तेव्हा प्ले करण्याआधी सीझन आणि भागाचा नंबर तपासा.

किती डेटा लागेल?

आठ महिने, आठवड्याला सहा भाग, म्हणजे पहिल्या सीझनचे साधारण दोनशे भाग. एक भाग २० मिनिटांचा धरला तर सुमारे ६७ तास झाले. व्हिडिओ १ एमबीपीएसने येत असेल तर तासाला साधारण ४५० एमबी जातात. पूर्ण सीझनला ३० जीबी. हाच व्हिडिओ २.५ एमबीपीएसने आला तर ७५ जीबी.

हा वेग ॲप स्वतः ठरवतं. व्हिडिओचे काही सेकंदांचे छोटे तुकडे केलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा तीन-चार क्वालिटीत सर्व्हरवर ठेवलेला असतो. मागचा तुकडा किती लवकर आला ते बघून ॲप पुढचा निवडतं. आमच्या घरी आत नेटवर्कची एक कांडी, आंगणात तीन. त्यामुळे चित्र कधी धुरकट, कधी झकास. क्वालिटी ‘ऑटो’वर न ठेवता मिडियमवर ठेवली की डेटाचा हिशेब हातात राहतो.

मी आठवड्यात नागपूरला वाय-फायवर दहा भाग डाउनलोड करतो. वरच्या हिशेबाने दीड जीबी. रोज दीड जीबीचा पॅक असलेल्याला एका दिवसात जमेल.

“पेनड्राइव्हवर टाकून आण ना”

आईचा हा प्रश्न रास्त होता, पण तसं होत नाही. ॲपमधून डाउनलोड केलेला भाग कुलूपबंद असतो. फाइल फोनमध्ये असते, तिची किल्ली वेगळ्या सुरक्षित जागी असते, आणि ती त्याच फोनला, त्याच ॲपला दिलेली असते. फाइल कॉपी केली तरी टीव्हीवर उघडणार नाही. या किल्लीला मुदतही असते, प्रत्येक ॲपची वेगळी. म्हणून गावाला निघण्याआधी डेटा चालू ठेवून डाउनलोडची यादी एकदा उघडून बघा. फोनची तारीख-वेळ हाताने बदलू नका, आणि जागा करायला ॲपचा ‘डेटा क्लिअर’ तर मुळीच करू नका. भाग आणि किल्ल्या दोन्ही जातात. मी आमगाव स्टेशनवर उतरल्यावर हे केलं होतं. तो शनिवार आम्ही लुडो खेळलो.

स्पॉयलर

उशिरा बघणाऱ्याचा खरा वैरी हाच. आमच्या झाडीपट्टीत नाटक रातभर चालतं. उशिरा आलात तर बाजूचा माणूस मागचं सांगतो, पुढचं सांगत नाही. फोनला एवढी रीत नाही.

तिसऱ्या की चौथ्या भागानंतर मी एका व्हिडिओ ॲपवर मालिकेचं नाव टाकून एका कलाकाराबद्दल शोधलं. दुसऱ्या दिवशी होम स्क्रीनवर शेवटच्या भागाची क्लिप. थंबनेलवर चेहरा, त्याभोवती लाल गोल, बाजूला एक शब्द. संपलं.

हे का होतं? सुचवणारी यंत्रणा ढोबळमानाने असं बघते: या मालिकेत रस घेणाऱ्या इतरांनी आणखी कशावर बोट ठेवलं? शेवटावर सगळ्यांनीच ठेवलेलं असतं, म्हणून तोच वर येतो. तुम्ही कितव्या भागावर आहात हे तिला माहीत नसतं, कारण ते दुसऱ्या ॲपमध्ये आहे.

मालिका बघत असेपर्यंत तिचं नाव शोधायचं असेल तर इनकॉग्निटोमध्येच शोधा. यूट्यूबची वॉच आणि सर्च हिस्टरी सेटिंग्जमधून पॉज करता येते. तरीही काही आलंच तर त्या व्हिडिओच्या तीन टिंबांवर जाऊन ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबा. क्रोमच्या नव्या टॅबखाली आणि होम स्क्रीनच्या डावीकडे बातम्या येतात तिथेही हाच पर्याय आहे. पात्रांची यादी विकिपीडियावर बघू नका. कोण मेलं ते तिथे सरळ लिहिलेलं असू शकतं.

मालवणीचं काय?

पात्रं मालवणी बोलतात. ‘खंय’ म्हणजे कुठे, ‘झील’ म्हणजे मुलगा, ‘चेडू’ म्हणजे मुलगी, एवढ्यावर सुरुवात होते. आपोआप तयार होणाऱ्या मराठी सबटायटलवर विसंबू नका. ती प्रमाण मराठीवर शिकलेली असतात, मालवणीला भलतंच काही लिहितात. पाच-सहा भागांत कान बसतो. आई आता मला पांडूसारखं “इसरलंय” म्हणते.

रोज किती भाग बघायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ही मालिका एका दिवसाची वाट बघायला लावण्याच्या हिशेबाने लिहिलेली आहे. दार उघडतं, भाग संपतो. पुढचा भाग दहा सेकंदांत आपोआप सुरू झाला तर दारामागे काय, याचा विचार करायला वेळच मिळत नाही. म्हणून आम्ही ऑटोप्ले बंद केलाय. भाग संपला की आई अंदाज बांधते, मी हो-नाही काहीच म्हणत नाही.

सध्या आम्ही एकशे सत्तरच्या पुढे आहोत. कापणीत चुकलेले भाग अजून दोन-तीन शनिवारांवर आहेत. तिचा संशय चुकीच्या माणसावर आहे.