अतिशीत चुंबकांचे आधार

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील एलएचसी त्वरकात १,२३२ द्विध्रुवी चुंबक आहेत. प्रत्येकाची लांबी सुमारे १५ मीटर. आतला अतिसंवाहक भाग पंचवीस टनांहून जड, आणि तो १.९ केल्व्हिनला ठेवावा लागतो. बाहेरची निर्वात टाकी मात्र बोगद्याच्याच तापमानाची. या दोहोंमध्ये भार पेलणारा खांब हवा, आणि खांब आला की त्यातून उष्णता झिरपणारच. १.९ केल्व्हिनवरून एक वॅट उष्णता काढायला कार्नोच्या हिशेबाने किमान १५७ वॅट लागतात, प्रत्यक्षात हजाराच्या आसपास.

म्हणून पदार्थाची निवड नुसत्या ताकदीवर होत नाही. सामान्य तापमानाला स्टेनलेस स्टील काचतंतू-इपॉक्सीच्या सुमारे वीसपट उष्णता वाहून नेते. एलएचसीच्या प्रत्येक द्विध्रुवाखाली काचतंतू-इपॉक्सीचे तीन पोकळ खांब आहेत. खांबातून चढणारी उष्णता वाटेत दोनदा अडवली जाते. पन्नास ते पंचाहत्तर केल्व्हिनच्या टप्प्यावर ती काढणे स्वस्त, म्हणून बहुतेक तिथेच उचलतात. चुंबकापर्यंत पोहोचते ती वॅटच्या काही शतांशांएवढी. शिवाय थंड होताना १५ मीटर स्टील सुमारे ४५ मिलिमीटर आखडते. त्यामुळे मधला खांब स्थिर आणि कडेचे दोन सरकते.

इथवरचे गणित वजनाचे आणि उष्णतेचे. माझ्या मते खरी परीक्षा भारांची यादी करताना होते. मार्च २००७ मध्ये अमेरिकेच्या फर्मीलॅबने बनवलेल्या चतुर्ध्रुवी चुंबकांची बोगद्यात दाबचाचणी चालू असताना काचतंतू-इपॉक्सीचे आधार तुटले. चुंबकाच्या दोन टोकांवर, ज्याने तो थंड ठेवतात त्या हेलियमचा दाब सारखा पडत नव्हता आणि त्या फरकाने तो अक्षाच्या दिशेने ढकलला गेला. हे बळ आराखड्यात धरलेलेच नव्हते, आणि तांत्रिक तपासण्यांतूनही ते सुटले. पदार्थ दुबळा नव्हता. प्रश्नच अपुरा विचारला गेला होता. दुरुस्ती मात्र देखणी: अ‍ॅल्युमिनियमची नळी आणि तिच्यात इन्व्हारचा दांडा. पहिली थंडीत बरीच आखडते, दुसरा जवळजवळ नाही. या फरकाचा मेळ घालून, चुंबक जागचा न हलता लांबीच्या दिशेचे बळ पेलता आले, आणि त्यासाठी चुंबक बोगद्याबाहेर काढावे लागले नाहीत.

आधाराची साखळी खांबापाशी संपत नाही. टाकीखाली स्थान नेमके जुळवणारे जॅक असतात. एलएचसीसाठी असे सुमारे सात हजार जॅक भारताने पुरवले. त्यांच्याही खाली काँक्रीट. १९ सप्टेंबर २००८ रोजी हेलियम गळून टाकीच्या निर्वात पोकळीत पसरला, तेव्हा पोकळीतल्या आडव्या पडद्यांवर दाब येऊन अवजड चुंबक सरकले आणि काही आधार जमिनीतूनच उखडले. जमिनीतली पकड वाढवणे तुलनेने सोपे, कारण तिथे उष्णतेचा हिशेब नाही. थंड खांब मात्र जाड करत गेले की शीतकरणाचा खर्च त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून पुढच्या सुधारणांत पकड मजबूत करण्याबरोबरच दाब सोडणारे मार्गही मोठे केले गेले, म्हणजे मुळात आधारावर येणारा भारच कमी व्हावा.