दाताची सावली

परभणीच्या शाळेत डिसेंबरअखेरच्या मध्यान्ही मैदानावर काठी रोवली, तर सावली जवळजवळ काठीएवढीच पडते. मेच्या मध्याला तीच सावली काठीच्या पायाशी नाहीशी होते. काठी तीच, बदलतो तो किरणांचा कोन. दाताचा एक्स-रे हीदेखील सावलीच!

राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. पुढच्याच जानेवारीत जर्मन दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी तोंडात काच धरून, २५ मिनिटे निश्चल राहून स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. पण टाळूच्या उतारामुळे फिल्म दाताला समांतर बसत नाही, आणि दात लांब किंवा आखूड दिसतो. १९०७ मध्ये पोलिश दंतवैद्य चेशिन्स्की यांनी उपाय सांगितला : दात व फिल्म यांमधील कोन दुभागा आणि त्या दुभाजकावर किरण लंब पाडा. मग सावली दाताएवढी पडते. काठी आणि जमीन यांत काटकोन असतो, म्हणून तिथे सूर्य ४५ अंशांवर हवा. डिसेंबरअखेर परभणीत तो मध्यान्ही सुमारे ४७ अंशांवर असतो.

लांबी जुळली तरी कड धूसर राहू शकते. ट्यूबलाइटखाली हात भिंतीपासून दूर नेला की सावली पसरट होते, तसेच हे. म्हणून किरणांचा उगम लहान व दूर हवा. १९४७ मध्ये फिट्झजेराल्ड यांनी फिल्म दाताला समांतर ठेवून उगम लांब नेण्याची पद्धत रूढ केली.

मूळनलिकेच्या उपचारात बारीक सुई किती खोल न्यायची, हे ठरवताना या सावलीचा आधार घेतात. ती फसवी असेल तर जंतू मागे राहतात किंवा सुई मुळाबाहेर जाते. आज फिल्मऐवजी संवेदक आले. भूमिती मात्र तीच आहे. ती आपण मैदानावर मोजून पाहू.