हवुरा : धर्मगुरूविना चालणारी ज्यू प्रार्थनामंडळी

हवुरा म्हणजे प्रार्थना आणि धर्मग्रंथांच्या अभ्यासासाठी नियमित जमणारा ज्यू लोकांचा लहान गट. हा शब्द ‘हावेर’ म्हणजे मित्र, सोबती या हिब्रू शब्दाशी जोडलेला आहे. अशा गटाला बहुधा पगारी रब्बाय (धर्मगुरू) नसतो; सगळी कामे सभासदच वाटून घेतात.

ज्यू परंपरेत सामूहिक प्रार्थनेसाठी रब्बाय असलाच पाहिजे असे नाही. दहा प्रौढ व्यक्ती मात्र लागतात. या गणसंख्येला ‘मिनयान’ म्हणतात. महाराष्ट्रातील बेने इस्रायली समाजानेही रब्बाय नसताना हझानच्या (प्रार्थना चालवणाऱ्याच्या) आधाराने आपली उपासना टिकवली.

आधुनिक हवुरा चळवळ अमेरिकेतली. १९६८ मध्ये आर्थर ग्रीन आणि सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यात ‘हवुरात शालोम’ स्थापन केली. मोठ्या सिनेगॉगमध्ये सभासद नुसता प्रेक्षक होतो, अशी या तरुणांची तक्रार होती. पुढे बहुतेक हवुरांनी मिनयानमध्ये स्त्रियांनाही मोजले. ऑर्थोडॉक्स प्रथेत फक्त पुरुष मोजतात.

हवुरामध्ये एक जण प्रार्थना चालवतो, दुसरा तोराह वाचतो, तिसरा त्या भागावर चर्चा घडवतो. तोराहच्या गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात, त्यामुळे वाचणाऱ्याला आधी तयारी करावी लागते. पुढच्या शनिवारी पाळी दुसऱ्याची.

यात सोय कमी, जबाबदारी जास्त. दहा जण जमले नाहीत तर मृत आप्तांसाठी म्हटली जाणारी ‘कद्दिश’ प्रार्थना परंपरेनुसार म्हणता येत नाही. म्हणून लहान हवुरात एकाची गैरहजेरीही दुसऱ्याच्या शोकाला भोवते.